सहाव्या चित्रातले काका

चि. खारुताईस,

काकाचे आशीर्वाद. गेले तीन रविवार तुझं तोंड दिसलं नाही, तेव्हा तब्येत ठणठणीत असणार असं धरून चालतो. माझा गुडघा होता तसाच आहे. वहिनींना नमस्कार सांग, पण हे पत्र दाखवू नकोस, कारण मी भयंकर चिडलोय.

दवाखान्यात नंबर लावायचं तुमचं ते ॲप वापरून दाखवायला तू बोलावलंस, म्हणून मंगळवारी तुझ्या ऑफिसात गेलो (इस्त्रीचा शर्ट घालून). तू मीटिंगमध्ये. सहज भिंतीकडे बघतो तर भिंतीवर मीच! सहा चित्रांची गोष्ट, वर ठळक अक्षरात 'गोंधळलेले काका'. तोच चष्मा, त्याच मिशा. पहिल्या चित्रात काकांचा गुडघा दुखतो, दुसऱ्यात काका मोबाइल उलटा धरतात, तिसऱ्यात काकांना बटण सापडत नाही म्हणून घाम फुटतो. अगं, चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या मी! आत अडकलेल्या माणसांना धीर देत देत बाहेर काढलंय, आणि मला बटणाचा घाम? (तुमच्या लिफ्टमध्ये चार दाबलं की ती तीनवर थांबते, ते आधी बघा म्हणावं.)

तेवढ्यात तुझ्या साहेबांनी मला ओळखलं. लगेच खुर्ची आली, पाण्याची बाटली आली, तीही झाकण उघडून. साहेब म्हणाले, "काका, अशी गोष्ट रचल्याशिवाय ॲप वापरणारा माणूस कळत नाही आम्हाला." म्हटलं, "रचा की, पण त्या माणसाला विचारून रचा!" त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं, 'काका लवकर चिडतात.'

हेही गिळलं असतं. पण चौथ्या चित्रात पुतणी शेजारी बसून शिकवते, पाचव्यात ती बटण मोठं करते, आणि सहाव्यात ती गायब! काका एकटेच बसून हसताहेत, शेजारची खुर्ची रिकामी, खाली ओळ: 'आता काकांना कुणाचीच गरज नाही.' याला तुम्ही गोड शेवट म्हणता? एकटा माणूस स्वतःशीच हसायला लागला तर त्याला गुडघ्याच्या नाही, दुसऱ्याच डॉक्टरकडे नेतात. ती ओळ तुझ्या अक्षरात आहे, म्हणून राग साहेबांचा नाही, तुझा आलाय.

तुझा
(मुळीच न गोंधळलेला) काका

ता.क. ॲपला हात न लावता, तुला न भेटता निघून आलो. साहेब बोलले तर खुशाल माझं नाव सांग.

ता.क. आणखी एक. मोबाइल मी मुद्दाम उलटा धरला होता. सरळ धरला असता तर तू पाच मिनिटांत उठली असतीस. उलटा धरला म्हणून चार महिने दर रविवारी आलीस. तेव्हा ते बटण पुन्हा बारीक कर. जमत नसेल तर राहू दे, पण या रविवारी ये. मी पासवर्ड विसरून ठेवलाय.