दार धरणारी

३ फेब्रुवारी
पोचलो एकदाचे. हॉटेल चार मजली, समोर रुंद रस्ता आणि पलीकडे बाग. सहा महिन्यांची इंटर्नशिप, परदेशात, आणि वर पगारी! नातेवाइकांत नुसता उदोउदो चाललाय आमचा. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या मावसबहिणीचा. एकच कॉलेज, एकच विमान, आता तळघरातली एकच खोली. ती माझ्याहून आठ महिन्यांनी लहान, म्हणून मला ताई म्हणते. मी तिला मनातल्या मनात गुणाबाई म्हणते. पोचल्याचा फोन केला, तर आईचा पहिला प्रश्न, ती जेवली का? मी काय हवा खाऊन राहते? असो. आज रागवायचं नाही असं ठरवलंय. उशा मऊ आहेत, गरम पाणी भरपूर आहे.

११ फेब्रुवारी
हाउसकीपिंगला टाकलं आम्हाला. दिवसाला चौदा खोल्या. चादरीचे कोपरे घट्ट दुमडायचे, आरशावर बोटाचा ठसा नको, मोरीच्या जाळीत केस नको. आधी कुणी राहून गेलं याचा मागमूस उरता कामा नये, असं सुपरवायझर बाई रोज बजावतात. मी त्यांना मुकादमीण म्हणते, अर्थात मागे.

तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली कुणालाच देत नाहीत, पण साफ मात्र रोज करायची. तिथे दोघींनी जायचं. एकीने आत काम करायचं, दुसरीने उंबऱ्यात उभं राहून दार धरायचं. आत माणूस असताना ते दार एकदाही मिटू द्यायचं नाही. का म्हणून विचारलं, तर मुकादमीण म्हणाली, कामाला आलीस की चौकशीला. त्या दाराला आतून मूठ नाही, तेवढंच कारण असेल. दार मी धरते, कारण चादर गुणाबाईची छान बसते म्हणे.

२ मार्च
कायमची जागा एकच आहे. सहा महिन्यांनी दोघींपैकी एकीलाच ठेवून घेणार. आज मुकादमीण सगळ्यांसमोर म्हणाली, चादर कशी घालायची ते हिच्याकडून शिका. लहानपणापासून हेच ऐकतेय मी. अक्षर हिच्याकडून शिक, बोलणं हिच्याकडून शिक. संध्याकाळी आईला सांगितलं, तर ती म्हणते, बरोबरच आहे, शिकावं माणसाने. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला काय उकिरड्यावरून उचलून आणलंय?

९ मार्च
आज वाईट वागले. लिहूनच टाकते. सकाळचे दहा. ती त्या शेवटच्या खोलीत चादर ओढत होती, वर गाणं गुणगुणत होती. अकराला तपासणी. म्हटलं, होऊ दे उशीर, एकदा तरी बोलणी खाऊ दे. आणि दाराला लावलेला पाय काढून घेतला. दार मिटलं. तिने आतून ताई, ताई करत दार बडवलं आणि मधेच एकदम थांबली. मी घाबरून उघडलं, तर दारातच उभी, हसत. पलंग चकाचक. रागावली नाही, चिडली नाही, उलट माझा हात धरून म्हणाली, चल पुढच्या खोलीत. हात गार होता.

१३ मार्च
ही झोपून उठते, पण चादरीला सुरकुती नसते. कंगव्यात केस नाही. आंघोळ करून येते आणि फरशी कोरडी. मुकादमीण तिच्यावर बेहद्द खूश. आईसुद्धा म्हणाली, पोर किती गोड बोलायला लागलीय. आणि मला भीती वाटायच्या आधी हेवाच वाटला. काय म्हणावं माझ्यासारखीला.

१६ मार्च
दार धरून उभी होते. ही आत चादर झटकत होती. न्हाणीघरातून हाक आली, ताई. हळूच. दोनदा. हिचं तोंड मिटलेलं होतं. म्हणाली, नळ वाजतोय. नळ ताई म्हणतो?

१८ मार्च
मुकादमिणीला सगळं सांगितलं. पांढरीफटक पडली. आत राहिलेली एकटी बाहेर येत नाही, कुणीतरी जाऊन हात धरून आणावी लागते, म्हणाली. दार धरायला याल का, विचारलं. नाही म्हणाली. तेही तोंडावर.

१९ मार्च, सकाळी
भरलेली ट्रॉली दारात अडकवलीय. वही एप्रनच्या खिशात. जागा गेली खड्ड्यात. बहीण आहे माझी. जाते —

सापडली. टबामागे, अंग चोरून. रडली. हात धरला तिचा — ट्रॉलीची चाकं वाजली. उंबऱ्यात ती दुसरी, हसत — दार —

बडवतोय. दोघी.

बाहेरून हेच दार उघडल्याचा आवाज. आमच्यासमोर मात्र ते मिटलेलंच —

कॉरिडॉरमध्ये मी बोलतेय. माझाच आवाज. फोनच्या स्पीकरवर, आईशी. आई हसतेय. माझ्याशी अशी कधीच — आई, मी इथे आहे — ऐकू जात नाही — आई म्हणतेय, आता कशी माझी लेक शोभ