चाचणी नावाच्या बायका

३ जून, मंगळवार

गाठच आहे. आणि तसलीच आहे. सुई घालून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट आज हातात पडला. डाव्या स्तनात, सव्वा सेंटीमीटर. सर्जन म्हणाले, "नशीब समजा, लवकर सापडली."

नशीब! एकोणीस वर्षं मॅमोग्राफीच्या खोलीत बायकांच्या फिल्म काढतेय मी. हजारो जणींना दम भरला — दरवर्षी करून घ्या, आळस करू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

४ जून, बुधवार

कुणाला सांगू नका म्हटलं होतं. ह्यांनी नणंदबाईंना सांगितलं. तासाभरात त्यांचा फोन: "त्या मशीनपाशी सारखी उभी असतेस ना, तरी मी म्हणत होते!" कधी म्हणत होत्या?

६ जून, शुक्रवार

एमआरआय. ऑपरेशनआधी किती पसरलंय ते बघायला. पालथं पडायचं, दोन खळग्यांत छाती सोडायची आणि अर्धा तास ती ठोकाठोक ऐकायची. मशीनवरची बाई म्हणाली, "आजी, अजिबात हलू नका." आजी! बावन्न वर्षांची आहे मी. रडायचंही नाही, फोटो हलतो. हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

९ जून, सोमवार

आणखी एक ठिपका दिसलाय. गाठीपासून चार सेंटीमीटरवर.

सर्जननी कागदावर दोन टिंबं काढली. एकच खराब असेल तर तेवढीच गाठ काढू. दोन्ही खराब निघाली, तर पूर्ण स्तन काढावा लागेल. मग म्हणाले, "जुनी फिल्म आहे का? ठिपका तेव्हाही एवढाच असेल, तर त्याची भीती नाही."

हे लगेच म्हणाले, "असणारच की! तिचं कामच ते."

मी पिशवीतले रिपोर्ट नीट लावत बसले.

१० जून, मंगळवार

फिल्म आहे. पण माझ्या नावावर नाही.

आमच्याकडे स्टाफला तपासणी हवी तर अर्ज, साहेबांची सही आणि अर्धी रजा. कोण करणार? म्हणून दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सात जणींनी एकमेकींच्या फिल्म काढून घेतल्या. नावाच्या जागी 'चाचणी एक', 'चाचणी दोन' — मशीन बरोबर चालतंय का बघताना टाकतो तसं. मग डॉक्टरीणबाईंकडे वाचायला कशा पाठवणार? आम्हीच पडद्यावर डोकावलो. "छान आहे गं!" झाली तपासणी. काढणारीने वाचायचं नाही, हे नव्यांना मीच शिकवते.

माझी फिल्म धाकलीने काढली होती; सात जणींत सगळ्यात लहान म्हणून धाकली. माझ्या हाताखालची, मीच तयार केलेली. छातीवर प्लेट दाबताना हात कचरायचा तिचा. "ताई, दुखेल हो तुम्हाला." दुखू दे की! नीट दाबली नसणार, फिल्म पुसट आली असणार, आणि आता त्यापायी माझा स्तन जाणार. सगळा राग तिच्यावर निघतोय. निघू दे.

११ जून, बुधवार

धाकली घरी आली होती. बस म्हटलं नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, त्या सगळ्या फिल्म आहेत अजून. मी मशीनमधून पुसल्या नाहीत." म्हटलं, उपकार केलेस.

१२ जून, गुरुवार

फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. 'चाचणी दोन' उघडली — ती मी. फिल्म स्वच्छ. हवी तेवढी दाबलेली.

ठिपका तेव्हाही होता. तेवढाच. "हा निरुपद्रवी आहे," म्हणाल्या. म्हणजे पूर्ण काढायला नको! जीव भांड्यात पडतोय तोवर त्यांचं बोट खाली सरकलं. गाठही होती. मोहरीएवढी.

तेव्हा आठवलं. त्या दिवशी धाकली म्हणाली होती, "ताई, इथं काहीतरी वाटतंय. दाखवू या का?" आणि मी म्हणाले होते, "शहाणपणा करू नकोस. धुळीचा कण असेल, प्लेट पूस." तिने पुसली. मी घड्याळ बघत उभी होते, डबा खायचा राहिला होता म्हणून.

दोन दिवस तिला शिव्या घालतेय. शेण मीच खाल्लं होतं.

१३ जून, शुक्रवार

उरलेल्या सहाही आजच वाचा, म्हणून हट्ट धरला. एक, तीन, चार — ठीक. पाचवर डॉक्टरीणबाई थांबल्या. फिल्म मोठी केली. आणखी मोठी केली. "ही कोण?"

ती मीच काढली होती; धाकलीने माझी काढली, मी तिची. छान आहे गं, असंही मीच म्हणाले होते. शेजारच्या खोलीतून धाकलीचा आवाज येत होता, कुणा बाईला सांगत होती — "घाबरू नका, काही नसतं हो."