गजाची राळ

८ मार्च १९३७
उजव्या हाताची बोटं पुन्हा खाजताहेत. पुटकुळ्या. तरी दिलरुबा वाजवला, भीमपलास छान लागला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायकांसमोर वाजवायचंय, पहिल्यांदाच. सासूबाईंनी घरी केलेला राळेचा मलम चोळून दिला. त्यांचा हात फार मऊ. बरं वाटलं.

१३ मार्च
मलम चालू. खाज मनगटापर्यंत चढली. शेजारच्या शांताबेन म्हणतात, वगाडवानुं मूकी दो, वाजवणं सोडा. ऐकल्यासारखं केलं.

१७ मार्च
भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, कॉलेजात रसायन शिकवतात. त्यांनी हात पाहिला आणि दिलरुब्याच्या गजाला घासायची राळ मागितली. चिमूटभर दंडावर ठेवून वर फडकं बांधलं. परवा सोडायचं. हे म्हणाले, घरातच प्रयोगशाळा मिळाली याला.

१९ मार्च
राळ होती तेवढाच लाल डाग. भाऊजी खूश, मी रडकुंडीला.
जेवताना समजावलं. हवा लागलेली राळ कातडीतल्या प्रथिनाला चिकटते. प्रथिन आपलंच, पण शरीर ते ओळखत नाही, तुटून पडतं. घरच्याच माणसानं परकं लुगडं नेसलं की कुत्रं भुंकतं, तसं. सगळं अजून पक्कं कळलेलं नाही म्हणे.
"पण वहिनी, शरीर एकदा शिकलं की सहसा विसरत नाही."
मग मलम? त्यातही राळच, त्याच दुकानातली. सासूबाई ताक वाढत होत्या.

२० मार्च
मलमाची वाटी फडताळात नाही. सासूबाईंनीच उचलली. बोटांपेक्षा याचंच जास्त वाईट वाटतंय.

२ एप्रिल
बोटं कोरडी, सुरेख. पण राळेशिवाय गज तारेवरून नुसता घसरतो. भाऊजी म्हणतात, सतार शिका. सतार!

१० एप्रिल
दुपारी खोलीत आले तर सासूबाई गजाला राळ घासताहेत. वरची भुकटी झटकली, मुठीला रेशमी चिंधी गुंडाळली. कुणी शिकवलं, विचारलं.
"रोज बघते की तुला. माझ्या हाताला नाही काही होत. वाजव आता."
भीमपलास. त्या समोर बसून होत्या. इतकं सुख कुठं ठेवू?

१६ एप्रिल
उद्या हळदीकुंकू. सकाळपासून करंगळीला बारीकशी खाज. डासही असेल. कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी गज आत्ताच तयार करून ठेवलाय.