हिरव्या कार्डावरची सही

मंगळवार, कर्जत

लोधिवलीच्या साइटवर काशिनाथ गवंडी बांबूच्या परांचीवरून पडला. कंबर मोडली आहे. परांची तपासल्याचं हिरवं कार्ड माझ्या सहीचं. सही खाली उभं राहूनच केली. आमच्याकडे सगळे तशीच करतात, तपासायला वर चढणाऱ्याला साहेब विचारतात, "स्लॅब काय तुझा काका भरणार?"

चढलो असतो तर सैल गाठ दिसली असती? दिसली असती.

दवाखान्यात काशिनाथ म्हणाला, "कार्ड हिरवं व्हतं, म्हणून चढलो, इंजिनियर." आवाजात राग नव्हता.

मग साहेबांनी अहवाल सांगितला. "लिही, कामगाराने सेफ्टीचा पट्टा लावला नव्हता."

लिहिलं. वाक्य खोटं नाही. पट्टे आम्ही कुणाला कधी दिलेच नव्हते.