रोहूच्या पोटातला कोंडा

सर, मी मासोळीच्या कामात आहे हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही आधी पोटभर हसला असता. काटोलच्या कॉलेजात तुमच्या प्रॅक्टिकलला नाकाला ओढणी लावून बसणारी मी आता नागपूरजवळ वाडीला एका सुपरमार्केट कंपनीच्या गोडाऊनमध्ये सकाळी सहाला हजर असते. ट्रक लागतात, खोके उतरतात, आणि त्यातला मासा दुकानात जायचा की परत, ते मी ठरवते. कोकणातून सुरमई आणि पापलेट येतं, आंध्रातून रोहू, कतला आणि झिंगे. कल्ले उचलून रंग बघायचा, बर्फाचं तापमान घ्यायचं, लांबी मोजायची. पापलेट वाढ व्हायच्या आधीच धरलेलं असेल तर खोका परत. हे सगळं तुम्हाला समजलं असतं. नवीन आहे ते एवढंच की प्रत्येक खोक्याबरोबर एक फॉर्म येतो. मासा कोणी धरला, कोणत्या पाण्यात, कोणत्या जाळ्यानं, कोणत्या दिवशी. तो फॉर्म पाहून मी सही केली की खोक्याला एक कोड लागतो, आणि दुकानातल्या बाईनं त्यावर मोबाईल धरला की तिला हे सगळं दिसतं. फार थोड्या बाया मोबाईल धरतात. पण कंपनीनं दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय की आमचा मासा कुठून आला ते आम्ही सांगू शकतो, आणि ते सांगणं माझ्या सहीवर उभं आहे.

तुमची आठवण आल्याशिवाय मी सही करत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. बहुतेक दिवशी मी घाईत असते. पण या पावसाळ्यात एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून दुसऱ्या वर्षातला तो दिवस सारखा डोळ्यापुढे येतो. रोहूच्या पचनसंस्थेचं प्रॅक्टिकल होतं. मी ट्रेमधल्या माशाला हातसुद्धा लावला नव्हता. वरच्या वर्गातल्या मुलीचं जर्नल समोर ठेवून लांबलचक, गुंडाळीगुंडाळीचं आतडं सुबक काढलं होतं, टिंबाटिंबांच्या छटांसह. तुम्ही माझ्या बाकाशी थांबता, आकृती बघता, ट्रे बघता आणि शांतपणे विचारता, "ह्या ट्रेमधी कोणती मासोळी हाय वं?"

"रोहू, सर."

सगळी प्रयोगशाळा हसायला लागते. त्या दिवशी बाजारात रोहू मिळाली नव्हती, तुम्ही मरळ आणली होती, आणि तासाच्या सुरुवातीला तसं सांगितलंही होतं. मरळ दुसरे मासे खाणारी, तिचं आतडं आखूड. "पाह्यलं नाही त काढलं काहून?" तुम्ही विचारलं. तुम्ही पानावर लाल रेघ मारली आणि सगळे गेल्यावर मला थांबवून घेतलं. शिपाई किल्ल्या वाजवत दाराशी उभा होता, त्याला तुम्ही चहा प्यायला पाठवलंत. मग तासभर तुम्ही स्टुलावर बसून पेपर तपासत होतात आणि मी त्या मरळीचं पोट उघडून, रडत, जे दिसलं ते काढत होते. आकृती वाकडीतिकडी आली. तुम्ही तिच्याखाली सही केली, शेरा काही लिहिला नाही.

आता या पावसाळ्याचं सांगते. दोन वर्षांपूर्वी मी कंपनीला मासेमारी करणाऱ्या भोयांची एक सोसायटी जोडून दिली होती. नागपूरपासून अडीच तासांवर त्यांचा तलाव आहे, आणि शेजारी दोन बोड्या, म्हणजे लहान तळी. सोसायटीची अध्यक्ष एक पन्नाशीतली बाई. मी तिला ताई म्हणते, ती मला मॅडम. आंध्राच्या मालाऐवजी इथल्याच तलावातला मासा विकावा ही कल्पना माझी, त्यासाठी फिरले मी, आणि करारनामाही मीच वाचून दाखवला. त्यात दोन कलमं होती. पावसाळ्यात मासा अंड्यावर असतो, तेव्हा तलावात जाळं टाकायचं नाही, फक्त बोड्यांमधून माल द्यायचा. आणि दर मंगळवारी माल यायलाच हवा. दोन मंगळवार चुकले तर नाव यादीतून जाईल. वाचताना मला ही दोन कलमं एकमेकांना भिडतील असं वाटलं नाही. ताईनं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि अंगठ्याऐवजी हट्टानं सही केली.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी त्यांचे खोके उतरले. फॉर्मवर लिहिलं होतं: बोडी, काल संध्याकाळी, फेकजाळं. मासे ताजे होते, कल्ले लालभडक. पण सगळ्या रोहू एकाच मापाच्या, जणू साच्यातून काढलेल्या. बोडीतला मासा असा निघत नाही, त्यात लहानमोठे सगळे येतात. मी एक रोहू बाजूला घेतली आणि पोट उघडलं. बोडीतल्या रोहूच्या आतड्यात हिरवट शेवाळ आणि गाळ असतो. हिच्या आतड्यात तांदळाचा कोंडा होता, ठासून भरलेला. कोंडा आंध्राच्या तळ्यांत पोत्यांनी घालतात. दुसरी उघडली, तिसरी उघडली. तेच. मी खोके बाजूला लावले, फॉर्मवर सही केली नाही, आणि ताईला फोन केला.

ती एसटीनं दुपारी आली, भिजलेली. गोडाऊनच्या ऑफिसात बसायला सांगितलं तरी उभीच राहिली. मी कोंडा दाखवला. तिनं तो पाहिला आणि नाकारलं काही नाही.

"बोडी फुटली, मॅडम. तीन हप्ते झाले. पार फुटली आन् मासोळी पाण्यासंगं धानात गेली. दुसरीत त नुसती बोटुकली हायेत, बोटाएवढाली पिल्लं."

"मग मला फोन काहून नाही केला, ताई?"

"केला असता त तुमी काय म्हटलं असतं? दोन मंगळवार चुकले का नाव कापतो, हे तुमीच त वाचून दाखवलं मले." तिनं ओला पदर पिळला. "तलावात जाळं टाकलं असतं त तुमाले कळलं बी नसतं. पोट फाडून पाह्यलं असतं तरी आमच्याच तलावाचं शेवाळ निघालं असतं. पण मासोळी अंड्यावर हाय. आमच्या एका बी माणसानं हात नाही लावला. ठोक बाजारातून आंध्राचा माल घेतला, घरचं घालून. सांगा आता, आमी कोनता कागद पाळाचा होता?"

मला तुमच्या प्रयोगशाळेतल्यासारखंच झालं, सर. कँटीनमधून चहा मागवला. तो तिनं उभ्यानंच प्यायला आणि परतीची गाडी चुकेल म्हणून निघाली.

कंपनीच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे, खोटा फॉर्म आलाय, नाव कापा. मी म्हटलं, नाव कापायचं तर करारही दाखवा, कारण तो पाळताच येत नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही माल तपासा, करार आमच्यावर सोडा." तरी मी अहवालात दोन्ही लिहिलं: पोटात कोंडा सापडला, आणि बोडी फुटल्यावर तलावात जाळं न टाकता दर मंगळवारी माल देणं पावसाळ्यात शक्य नव्हतं. ऑडिटला आलेल्या बाईंनी तो परिच्छेद दोनदा वाचला. कलम बदललं. आता पावसाळ्याचे दोन महिने तलावाचा मासा मागवायचाच नाही, त्या जागी दुकानात पाटी लावायची की तलाव बंद आहे. चांगलं झालं. पण ताईच्या सोसायटीचं नाव त्याआधीच गेलं होतं. दिवाळीनंतर मी स्वतः तलावावर गेले, परत या म्हणून सांगायला. ती काठावर जाळं वाळत घालत होती. नीट बोलली, भाकर खाऊ घातली, आणि म्हणाली, "आता गावच्याच बाजारात इकतो, मॅडम. तिथं कोनी काही विचारत नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानात त्यांच्या फळीवर आता दुसऱ्या तलावाचा मासा असतो. त्याचे फॉर्म बरोबर असतात.

कंपनीत माझं कौतुक झालं. पोट फाडून बघणारी म्हणून नव्या पोरींना माझ्याकडे शिकायला पाठवतात. हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही गेल्यापासून तुमच्या घरी काकू एकट्या असतात. पाकीट गेलं तर त्या चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतील आणि मला फोन करून समजूत घालतील. ती मला नको आहे. ताई म्हणाली होती, तीन हप्ते झाले. म्हणजे आधीचे दोन मंगळवारही आंध्राचेच. त्या दोन्ही मंगळवारी मासे असेच एका मापाचे होते, सर. मला दिसलं होतं. कल्पना माझी होती, सोसायटी मी आणली होती, ती खोटी निघायला नको होती, म्हणून मी पोट उघडलं नाही आणि सही केली. अहवालात मी फक्त तिसऱ्या मंगळवारचं लिहिलं. ताईला ते माहीत आहे. ती कोणाला बोलली नाही.