भाराचं पाणी

सुरत,
फेब्रुवारी १९९८

प्रिय गोपाल,

तुझं पत्र पोचलं. इतकं गोड पत्र तू मला आजवर लिहिलं नव्हतंस. पाकीट स्वयंपाकघरात ठेवायची भीती वाटली, म्हटलं मुंग्या लागायच्या. ताई, एकटी कशाला राहतेस, फ्लॅट काढून टाक, ती नाव कुणालातरी देऊन टाक आणि कायमची नागपूरला ये, तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं. एका दमात माझं घर, नाव आणि गाव विकून तू मोकळा झालास. उत्तराला उशीर झाला कारण उत्तर ठरत नव्हतं. आता ठरलंय. तू इंजिनिअर, तुला निकाल आधी हवा असतो. पण पत्र माझं आहे, तेव्हा निकाल शेवटी मिळेल.

आधी नावेची खबर. ती अजून पार्किंगमध्येच, ट्रेलरवर बसून आहे. तू बदलीवर गेल्यापासून ती सार्वजनिक झाली. पोरं तिच्यात लपाछपी खेळतात, बायका तिच्या काठांवर गोधड्या वाळत टाकतात, उत्तरायणातल्या पतंगांचा मांजा अजून आडव्या डोलकाठीला गुंडाळलेला आहे, आणि भाईदास तिच्यावर पत्रकं काढतात. आपले सेक्रेटरी भाईदास. बायको गेल्यापासून त्यांनी सोसायटीशीच संसार मांडलाय. प्लेगच्या सालानंतर त्यांचा झाकणांवर केवढा जीव जडला होता ते तुला माहीतच आहे. प्लेग उंदरांनी आणला, सूड मात्र आपल्या सोसायटीनं टाक्यांवर उगवला. महापालिकेची माणसं साचलेलं पाणी बघायला येतात, त्यामुळे पिंप, हंडा, गच्चीवरची टाकी, जे उघडं दिसेल ते झाकायचं. आता तर त्यांचे हात ते आपोआपच करतात. परवा खालच्या मजल्यावरच्या प्रमिलाबाईंकडे पूजेला गेलो तर भाईदासांनी बोलता बोलता पंचामृतावर ताटली ठेवली. भटजींनी उचलली, यांनी पुन्हा ठेवली.

तर त्यांचं म्हणणं, नाव न्या नाहीतर द्या. गिऱ्हाईकही त्यांनीच आणलं. बारडोलीकडच्या रस्त्यावर हॉटेल असलेले एक गृहस्थ. त्यांना नाव हिरवळीवर उभी करून तिच्यात आइस्क्रीम विकायचंय. ते गुडघ्यावर बसले, खाली वाकले आणि दचकून म्हणाले, बेन, आने तो तळिये काणुं छे. मी म्हटलं, ते भोक मुद्दाम ठेवलंय, त्यातून पाणी आत घ्यायचं असतं, म्हणजे नाव कलंडत नाही. एकट्या राहणाऱ्या बिनलग्नाच्या बाईकडे लोक जसे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. अर्धी दया, अर्धं अंतर. मग तळातली पाण्याची टाकी पाहून खूश झाले. म्हणाले, भोक सिमेंटनं बुजवू, पोटात बर्फाच्या लाद्या छान राहतील. भाईदासही मान हलवत म्हणाले, नाहीतरी हिनं दोन वर्षांत पाणी कुठे बघितलंय? ते वाक्य मला लागलं. मी गृहस्थांना पुढच्या आठवड्यात कळवते म्हणाले आणि ठरवलं, हो किंवा नाही म्हणण्याआधी हिला एकदा पाण्यात बघायचं.

तू ती केलीस तेव्हा आई होती, तिची कुरकूर आठवते? लग्नाचं वय उलटून चाललंय आणि हा लाकडं तासतोय. हजिऱ्याच्या कारखान्यातून आल्यावर तू पार्किंगमध्ये प्लायवूड कापायचास, फायबरचा थर चढवायचास, त्या वासानं साऱ्या सोसायटीचं डोकं उठायचं. बुडाखाली वजनाला लोखंड का नाही घालत असं मी विचारलं होतं. तू म्हणालास, लोखंड घातलं तर जीपला ओढवणार नाही. म्हणून हिच्या पोटात दुहेरी तळ आणि टाकी. रस्त्यावर रिकामी, हलकी. पाण्यात उतरली की नदीचंच पाणी भरून घ्यायचं, वजन खाली येतं, नाव बसते. परत ओढून काढली की पाणी जिथलं तिथं. इतकी समजूतदार वस्तू आपल्या घरात दुसरी नव्हती.

हिलालची जीप सांगितली. तोच तुझा लिंबायतचा हिलाल, पूर्वी रिक्षा चालवायचा. दोर बांधता बांधता टाकीत डोकावून म्हणाला, बाई, हाई नाव शे का पानीनी टाकी शे? मी म्हटलं, दोन्ही. म्हणाला, मंग बुडी कशी नही? त्याचं उत्तर मी देणार तेवढ्यात भाईदास पांढरे बूट घालून पुढच्या सीटवर येऊन बसले. देखरेख. सोसायटीच्या पार्किंगमधून निघालेल्या वस्तूची जबाबदारी सेक्रेटरीची, असं त्यांनी जीपलाच सांगितलं.

रांदेरला आता तू ओळखणार नाहीस. कॉजवेमुळे तापी अडून तुडुंब असते ते तू पाहिलंस, पण काठावर आता पोंकाच्या, आपल्या हुरड्याच्या, गाड्या लागतात, संध्याकाळी बायका लिंबू मरीची शेव घेऊन पाण्याकडे तोंड करून बसतात. ओवाऱ्याच्या, घाटाच्या पायऱ्यांच्या, बाजूचा तो मातीचा उतार अजून तसाच आहे. हिलालनं ट्रेलर उलटा पाण्यात घातला, नाव उचलली गेली आणि तरंगायला लागली. रिकामी होती ना, नुसता पाय ठेवला तरी डुलायची. मी तू सांगायचास तसं सगळं केलं. आधी पुढचं बूच काढलं, हवा बाहेर पडायला. मग मागे जाऊन व्हॉल्व्ह उघडला. भाईदास पुढे बसले होते, म्हणजे पूर्वी मी बसायचे तिथे. मी त्यांना म्हटलं, नुसतं बसा, हात लावू नका.

पाणी आत यायला लागलं. तो आवाज तू विसरला असशील. तळाखाली कुणीतरी मोठ्या घागरीनं पाणी पितंय तसा, आणि पुढून बुचाच्या भोकातून फुसफुस. थोड्या वेळानं फुसफुस थांबली, खालचा आवाजही थांबला. मला वाटलं, भरली. व्हॉल्व्ह बंद केला, हिलालला दोर सोड म्हटलं आणि वल्ह्यानं रेटलं. उताराला सोडून थोडं पुढे गेलो असू, मी शिडाचा दोर घ्यायला एका बाजूला झुकले आणि नाव माझ्यामागून झुकली ती झुकतच गेली. आतलं पाणी त्या बाजूला धावलं. अगदी सावकाश, एखाद्या जाड्या माणसानं कुशीवर वळावं तशी ती आडवी झाली. भाईदास पांढऱ्या बुटांसह कमरेएवढ्या पाण्यात उभे, छत्रीसारखे दोन्ही हात वर, आणि म्हणतायत, रजनीबेन, मी तर झाकण लावलं होतं! भोक उघडं दिसलं, हात गेला. काठावर हिलाल पोंकाची पुडी हातात धरून जमिनीवर बसला आणि हसत राहिला. बाहेर जायची हवाच आत कोंडली होती रे, म्हणून टाकी अर्धी राहिली. रिकामी टाकी नाव डुलवते, अर्धी टाकी पालथी घालते. हे तू मला शंभरदा सांगितलं होतंस.

तिला सरळ केलं. ओली, चिखल लागलेली, पण काही मोडलं नाही. भाईदासांना काठावर बसवलं, हिलालचा टॉवेल दिला, पोंक दिला. ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, पुन्हा काही झाकलं जाऊ नये म्हणून. हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. माणूस घरी जाऊन सांगणार कुणाला, की आज मी नदीत पडलो?

मग मी एकटीच चढले. पुढचं बूच काढलं, मागे जाऊन व्हॉल्व्ह उघडला आणि मध्ये येऊन बसले. पुढे कुणी नव्हतं. तू असताना मी तिथे भोकाशी तळहात धरून बसायचे आणि पाणी वर आलं की ओरडायचे, आलं! तू म्हणायचास, ताई, हे काम तुझ्याशिवाय व्हायचं नाही, बघणारं माणूस लागतं. त्यासाठी दर रविवारी मला न्यायचास. ऊन असो, मला ताप असो, मराठी मंडळाची सभा असो. त्या दिवशी बघायला कुणी नव्हतं तरी पाणी नदीच्या पातळीपर्यंत आलं आणि आपोआप थांबलं. नुसतं बूच लावायचं राहिलं. गोपाल, पुढे माणूस लागतच नाही. कधीच लागत नव्हतं. तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

एखाद्या कीर्तनकाराला ही टाकी सांगितली तर तो तिच्यातून तासभर अध्यात्म काढील. मी एवढंच सांगते की ती पाटावर बसल्यासारखी बसली. अर्धंच शीड वर केलं. वारा मंद, पश्चिमेचा, मिलच्या धुराचा वास घेऊन आलेला. मी पात्राच्या मध्यावर गेले आणि तिथे, कसं कोण जाणे, तुझ्याशी बोलायला लागले. आधी मनात, मग मोठ्यानं. काय काय बोलले ते लिहीत नाही. नागपुरात मला काय काम, भाजी आणायला ठेवतोस का, संध्याकाळी दार उघडायला ठेवतोस का, असं बरंच. हातवारेही झाले असावेत. कारण बघते तो एक कोळी आपली होडी जोरात वल्हवत माझ्याकडे येतोय. काठावरून भाईदासांनी पाठवला होता. त्यांना वाटलं, रजनीबेन मदतीला हाका मारतायत. कोळ्यानं विचारलं, शुं थयुं बेन? मी म्हटलं, कांई नहीं भाई, भावाशी भांडत होते. त्यानं रिकाम्या नावेत इकडे तिकडे बघितलं आणि माझ्याबरोबर काठापर्यंत आला.

मंडळाच्या वार्षिक अंकात लेख लिहून मी ज्यांची टर उडवते ते सगळे हसतात, अंक जपून ठेवतात, आणि मला जेवायला बोलवायला घाबरतात. तेव्हा एकटेपणाबद्दल तू जे लिहिलंयस ते खोटं नाही. ते खोटं आहे असं मी म्हणणारही नाही. सकाळी वर्तमानपत्र वाचताना एखादी ओळ मोठ्यानं वाचते आणि मग गप्प होते. पण 'तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं' हे वाक्य तुझं नव्हे. तुला मी वाढवलंय, तू असं बोलत नाहीस, बायकोशी, आमच्या वर्षाशीही बोलत नसशील. तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी कडेला, तू आईच्या डिंकाच्या लाडवांची कृती विचारलीस. जन्मभर लाडू खाल्लेस, कृती कधी विचारली नव्हतीस. मी बाजारातून येताना तेवढ्यावरच थांबले, पिशवी हातात, जिन्यात. कितवा महिना आहे वर्षाला?

तर हे पत्र त्याचसाठी. नाव विकत नाही, बारडोलीला कळवलं. फ्लॅटही विकत नाही. वर्षाच्या बाळंतपणाला मी येईन. तिच्या आईला यायचं असेल तर मी त्यांच्या आधी किंवा नंतर, एकत्र नको, माझी जीभ तुला ठाऊक आहे. डिंक इथूनच आणते. बाळ मान धरेपर्यंत राहीन आणि मग सुरतेला परत येईन, थांब म्हणालात तरी. तुम्हाला मी हवी आहे ते कामासाठी, यात मला काही वावगं वाटत नाही. कामासाठी बोलावणं हेही बोलावणंच. फक्त तेवढं सरळ लिहायचं होतंस रे. आणि कधी काही काम नसताना, कारण नसताना, मी यावं असं वाटलं, तर कारण शोधत बसू नकोस. नुसतं 'ये' म्हण. आयुष्यात मला तसं अजून कुणी म्हटलेलं नाही.

वर्षाला जड उचलू देऊ नकोस.

तुझीच,
रजनीताई