कपाटाच्या आतलं कॅलेंडर

दादा,

आईला घेऊन हॉस्पिटलात जातेय. फोन करून पाहिला, पण मशीनवर असलास की तू उचलत नाहीस.

तिच्या काखेत लिंबाएवढी गाठ आहे. नव्या कपड्याचं माप घेताना आज माझ्या हाताला लागली. कधीपासून आहे विचारलं, तर म्हणाली, "झाले असतील सात-आठ महिने. पॉलिसीची दोन वर्षं भरेपर्यंत थांबायचं ना?"

कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर लावलंय, ते बघ. तिने रोज एक फुली मारलीय. अजून पाच महिने बाकी आहेत.

आरोग्य विम्याची ही पॉलिसी आली तेव्हा आईला समजावून सांग म्हणून तू मला बजावलं होतंस. मी शिलाईच्या गडबडीत होते. "दोन वर्षं आजारी पडायचं नाही हं," एवढंच हसत म्हणाले. आत्ता कागद नीट वाचला. दोन वर्षांची अट मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक दुखण्यांना आहे. नव्याने झालेल्या बाकी आजारांना फक्त पहिले तीस दिवस थांबायचं असतं.

पॉलिसीची निळी फाइल मी घेतेय; तिचं कार्ड तुझ्याकडे आहे, ते घेऊन ये. कॅशलेस म्हणजे बिलाचं कंपनी आणि हॉस्पिटल आपसात बघतात, पण त्यासाठी आधी कार्ड दाखवावं लागतं. दूध तापवलंय, फ्रिजमध्ये ठेव.

मला काय बोलायचं ते नंतर बोल. तिला मात्र तीस दिवसांचं कळू देऊ नकोस. चपला घालून दारात उभी आहे आणि अजून विचारतेय, पाच महिने थांबलं तर चालणार नाही का.